आठ देश, 21 दिवस आणि दोन्ही पासपोर्ट एकाच्याच कमरेला?

रानजाई:
काल इथे एकांनी जोडप्यांना सल्ले दिलेत. पॅरिस, ब्रसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, कोलोन, झुरिक, व्हेनिस, व्हिएन्ना, प्राग: 21 दिवसांत आठ देश आरामात होतात म्हणे. व्हिसा जिथे आधी उतरणार त्या देशाकडे मागायचा. आणि आखणी, पैसे, कागदपत्रं सगळं एकानेच सांभाळायचं, दुसऱ्याने नुसतं सोबत चालायचं, म्हणजे भांडणं होत नाहीत. वाचून माझी झोप उडाली.

2018 साली आम्ही अगदी असेच गेलो होतो. झुरिकहून व्हेनिसची गाडी मेस्त्रेला थांबली. "आपलं स्टेशन हेच का, बघून येतो," म्हणून हे खाली उतरले आणि दारं लागली. मेस्त्रे खाडीच्या अलीकडे, खरं व्हेनिस पूल ओलांडून दहा मिनिटांवर, सांता लुचिया. मी दोन बॅगा ओढत तिथे उतरले. बाहेर पडलं की थेट पायऱ्या, खाली ग्रँड कॅनॉल, समोर चर्चचा हिरवा घुमट. सगळी माणसं फोटो काढत होती. माझ्या पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्या, रुमाल आणि इंटरनेट नसलेला फोन. दोन्ही पासपोर्ट यांच्या पाऊचमध्ये, कार्डं यांच्याकडे, हॉटेलचं बुकिंग यांच्या ईमेलमध्ये. मला हॉटेलचं नावसुद्धा माहीत नव्हतं! 31 वर्षं बँकेत कॅश सांभाळलेली बाई मी. पाऊण तासाने हे पुढच्या गाडीने आले. भांडण झालं नाही, मी नुसती रडले.

तेव्हा ज्याचा पासपोर्ट त्याच्याच अंगावर. दोघांकडे वेगळं कार्ड, दोघांच्या फोनला चालू सिम, मुक्कामाचे पत्ते दोघांकडे कागदावर. आणि शेंगेन व्हिसा, म्हणजे या आठही देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे मागायचा असतो. दिवस सारखे असतील तरच पहिल्या देशाकडे. चुकीचं सांगून लोकांचे अर्ज अडकवू नका.

पेठेतला:
ताई, प्रसंग वाईट होता, मान्य. पण दुसरी बाजूही ऐका. मी तीन महिने रात्री जागून एक्सेल भरतो. बायकोला विचारलं, "ल्युसर्न की इंटरलाकेन?" तर "तुम्ही ठरवा." मग स्वित्झर्लंडच्या डोंगरात युंगफ्राउयोखला 3454 मीटरवर पोचलो, ढगात एक हात पुढचं दिसेना, तर "कशाला आणलंत इथे?" कष्ट माझे, दोषही माझा. ज्याला आखायचंच नाही त्याच्यावर ते लादायचं का?

दूरदेशी:
स्टुटगार्टला राहतो, दर उन्हाळ्यात असे दमलेले पाहुणे घरी येतात. आठ देश म्हणजे सात वेळा मुक्काम बदलणं. खोली सोडा, स्टेशन गाठा, गाडी, परत सामान, परत खोली. प्रत्येक वेळी निदान अर्धा दिवस जातो. व्हिएन्ना ते प्राग नुसती गाडीच चार तास. रेल्वेचा पास असला तरी फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान गाडीला आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. चार देश करा. आणि पेठेतले, वरच्या डोंगरावर वेबकॅम असतात. त्या दिवशी सकाळी बघायचं आणि मगच तिकीट काढायचं.

सागरगोटा:
पासपोर्टचा विषय निघालाच आहे तर नावाचंही बोला. डिसेंबरात लग्न, जानेवारीत आमची थायलंड-व्हिएतनामची ट्रिप. दिराने हौसेने माझं तिकीट सासरच्या नावाने काढलं आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचा. मुंबई विमानतळावर काउंटरवरून परत फिरवलं. ऐन वेळचं नवं तिकीट घ्यावं लागलं, त्यात हॉटेलांचे पैसे संपले. लग्नानंतर नाव बदलायची सक्ती आपल्याकडे कुठल्याही कायद्यात नाही. 2016च्या डिसेंबरात पासपोर्टच्या अर्जासोबत लग्नाचा दाखला जोडायची सक्तीही काढून टाकली. तरी घरोघरी नाव बदलायची घाई कशाला?

पेठेतला:
चूक तिकीट काढणाऱ्याची, आणि बोल रीतीला! माझ्या आईचं पहिलं नावसुद्धा तांदळात अंगठीने लिहून बदललं होतं. तिला त्याचा अभिमान आहे.

सागरगोटा:
माझ्या आजीचंही बदललं होतं. ऐंशीव्या वर्षी माहेरचं कुणी जुन्या नावाने हाक मारली की तिचे डोळे भरून यायचे. अभिमान आहे की सवय, हे आईला एकदा विचारा.

पेठेतला:
माझ्या आईपर्यंत जायचं काम नाही. तुम्ही मला ओळखत नाही, माझ्या घराला ओळखत नाही.

सागरगोटा:
आईला तुम्हीच मध्ये आणलंत, मी नाही.

घाटमाथा:
आमच्याकडे याच्या उलट झालं. बायकोने लग्नानंतर हौसेने नाव बदललं, पासपोर्टवरही, आणि कुठेच अडलं नाही. पासपोर्टवर जी अक्षरं तीच तिकिटावर, मधल्या नावासकट, एवढं पाळलं की झालं.

आठ देशांबद्दलही सांगतो. आम्ही दोघं कारखान्यात शिफ्टला. एवढी सलग रजा परत कधी मिळेल सांगता येत नाही. तीन आठवड्यांत सात देश केले. पाय सुजले, प्राग तर अर्धं झोपेत पाहिलं. तरी जमेल तेवढं पाहून घ्यावं असंच वाटतं. ज्यांना दरवर्षी जाता येतं त्यांनी आम्हाला 'सावकाश फिरा' सांगू नये.

रानजाई:
घाटमाथा, तुमचं पटलं. किती देश पाहायचे ते ज्याच्या त्याच्या रजेवर. पण नावावरून चाललेलं भांडण थांबवा आणि मूळ मुद्द्यावर या. पेठेतले, एकच विचारते. तुमची पुढची ट्रिप कधी? आणि पहिला मुक्काम कुठे, ते तुमच्या बायकोला आत्ता सांगता येईल?

पेठेतला:
पुढच्या महिन्यात. रात्री जेवताना विचारलं. "व्हिएन्ना," म्हणाली. हॉटेल? माहीत नाही. स्टेशनपासून कसं जायचं? "तुम्ही असाल ना." मी काही बोललो नाही. जेवण झाल्यावर सगळे पत्ते वहीत लिहून दिले. तिने त्यातलं प्रागचं हॉटेल खोडायला लावलं, चार जिने चढून जायचे होते म्हणून. तिचे गुडघे दुखतात हे मला माहीत होतं, तरी ते डोक्यात आलं नव्हतं. तिचा पासपोर्ट आता तिच्याच पर्समध्ये असेल. तेवढं तुमचं बरोबर. नावाच्या बाबतीत मी एक शब्दही मागे घेत नाही.