ऑरलँडोत चौथ्या दिवशी जेवायला कुठे गेलात?

मागच्या महिन्यात आम्ही सहा रात्री ऑरलँडोला, थीम पार्कच्याच आवारातल्या एका रिसॉर्टमध्ये राहून आलो. पहिल्या दिवशी सगळ्याचंच अप्रूप. वॉफलला मिकी माऊसचे कान, पेल्यावर चित्र, नॅपकिनवर चित्र. तिसऱ्या रात्री फूड कोर्टात रिकामा ट्रे धरून उभी होते तेव्हा लक्षात आलं की समोरचा अख्खा बोर्ड मला पाठ झालाय, किमतींसकट. धाकटा म्हणाला, "आज पण तेच?" हा मुलगा एरवी वर्षभर बर्गरसाठी हट्ट करतो.

चौथ्या दिवशी दुपारी तिकडचा नेहमीचा पाऊस कोसळला, आणि आम्ही गाडी काढून किसिमीच्या बाजूला हायवे १९२ ला लागलो. किसिमी ज्या ऑसिओला काउंटीत आहे तिथली निम्म्याहून जास्त वस्ती हिस्पॅनिक, त्यातही पोर्तो रिकोची माणसं भरपूर. एका छोट्याशा खानावळीत शिरलो. काउंटरमागच्या बाईंनी भात वाढला आणि नवरा ताटाकडे बघतच राहिला. भातात तुरीचे दाणे! ते त्याला गांदुलेस म्हणतात. आपण थंडीत शेंगा सोलत बसतो त्यातलेच हिरवे दाणे, फ्लोरिडात, प्लास्टिकच्या ताटलीत. सोबत मोफोंगो, म्हणजे कच्ची केळी तळून लसणाबरोबर उखळात कुटलेला गोळा. (शाकाहारींनो, दोन्हीत डुकराचं मांस असू शकतं, आधी विचारा.) धाकट्याने मोफोंगो दोनदा घेतला.

तर आता तुम्ही लिहा. कितव्या दिवशी कंटाळलात, मग काय केलंत, जमलं की फसलं? एकच विनंती. तक्रार असेल तर रिसॉर्टचं किंवा हॉटेलाचं नाव नको. नियम आणि जागा मात्र नावानिशी सांगा, पुढच्यांना उपयोग होतो.

*

टँपाहून

आम्हाला तासा-सव्वा तासाचं अंतर, त्यामुळे पाहुणे आले की जाणं हमखास. आमचा उपाय एकच, डबा. पुष्कळांना माहीतच नसतं की डिस्नी वर्ल्डच्या पार्कांत घरचं खाणं नेता येतं. काचेचं काही नको (बाळाच्या खाण्याच्या छोट्या बाटल्या चालतात), दारू नको, गरम करावं लागेल असं नको. कूलर २४ बाय १५ बाय १८ इंचांच्या आत हवा आणि त्यात सुटा बर्फ नको, जेलचे पॅक ठेवा. उग्र वासाचे पदार्थ नकोत असंही नियमात आहे. सासूबाईंना हे मराठीत समजावून सांगितलं तर त्यांनी मुकाट्याने लसणाची चटणी बाहेर काढून ठेवली. आणि त्याऐवजी कैरीचं लोणचं घेतलं. काचेच्या बरणीत. तपासणीच्या टेबलावर त्या मुलाने बरणी उजेडाकडे धरून इतक्या आदराने बघितली की आम्हालाच हसू आलं. मी ट्रॅमने परत पार्किंगला जाऊन ती गाडीत ठेवली. उन्हात दिवसभर तापून रात्री ते लोणचं काय मुरलं होतं!

दशम्या, तिखटामिठाच्या पुऱ्या, कोरडी बटाट्याची भाजी, काकडी. पाणी विकत घेऊ नका, खाण्याच्या काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट देतात. युनिव्हर्सल या दुसऱ्या थीम पार्कला मात्र हे चालणार नाही. तिथे छोटा खाऊ, पाण्याची बाटली, बाळाचं किंवा पथ्याचं खाणं, एवढीच मुभा.

*

सिंगापूरहून, फक्त वरच्या डब्याच्या प्रतिसादाला उत्तर

नशीबवान आहात. टोकियोच्या डिस्नी पार्कांत बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. शांघायच्या डिस्नीत तर २०१९ साली कायद्याच्या एका विद्यार्थिनीने याच कारणावरून पार्कला कोर्टात खेचलं होतं. तिने बाहेरून आणलेला खाऊ होता पन्नास युआनच्या आतला. नंतर पार्कने नियम बदलला. डब्यासाठी कोर्टात जाणारी मुलगी मला फार आपली वाटली.

*

न्यू जर्सीहून. जरा मोठं आहे, रागावू नका.

तिसऱ्या ट्रिपच्या वेळी नवऱ्याने जाहीर केलं की आता रिसॉर्ट बास. किसिमीत स्विमिंग पूल असलेलं घर भाड्याने घेऊ, स्वयंपाकघर असेल, घरचं खाऊ. दिराचं कुटुंब धरून आम्ही आठ जण. पैसे खरंच वाचणार होते, त्याबद्दल वाद नाही. आदल्या वर्षी चौघांच्या एका बुफेचं बिल टिपसकट अडीचशे डॉलरच्या वर गेलं होतं आणि मोठीने त्यात फक्त कलिंगड खाल्लं होतं.

पहिल्या संध्याकाळी इंडियन ग्रोसरीतून कणीक, तूरडाळ, भाज्या, दही असं दीडशे डॉलरचं सामान आलं. सगळे खूश. घरात लाटणं नव्हतं. मी वाइनच्या रिकाम्या बाटलीने पोळ्या लाटल्या, त्याचे फोटो निघाले, ग्रुपवर पडले, 'सुगरण' वगैरे झालं.

दुसऱ्या दिवशी दिवसभर पार्क. माझ्या घड्याळात २२ हजार पावलं. रात्री साडेनऊला घरी आलो. मंडळी पाय वर करून सोफ्यावर पसरली आणि कुणीतरी अगदी प्रेमाने म्हणालं, "आता गरमागरम वरणभात!" मी कुकर लावला. जाऊबाईंनी कांदा चिरला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो, कारण बघितलं असतं तर भांडण झालं असतं. आमचं नव्हे, बाकीच्यांशी.

चौथ्या रात्री जाऊबाई म्हणाल्या, "ताई, फूड कोर्टचा बर्गर किती छान होता हो." त्यांनी गमतीत म्हटलं. मी रडले.

म्हणजे बघा, रिसॉर्टच्या जेवणाला मीही विटले होते. पण तिथे ताट कुणीतरी दुसरं उचलत होतं. 'घरचं खाणं' हा पर्याय सुचवणाऱ्याने आधी सांगावं की ते करणार कोण.

आता आमची पद्धत अशी. घर भाड्याने घेतो, पण पोळ्या फ्रीझरमधल्या तयार, दही-लोणचं विकतचं. रात्रीची खिचडी पुरुष मंडळींनी टाकायची. दिराची खिचडी पहिल्यांदा लापशी झाली, दुसऱ्यांदा जमली. दुपारचं जेवण पार्कात, जे मिळेल ते. शेवटच्या दिवशी मी आणि जाऊबाई दोघीच सकाळी एका महागड्या रिसॉर्टमध्ये जाऊन नाश्ता करतो. मुलं घरी, त्यांचे बाप घरी. तोच कानवाला वॉफल. फार सुंदर लागतो.

*

(धागाकर्ती: टाळ्या! बाटलीने पोळ्या लाटणाऱ्या इथे आणखी किती जणी आहेत? हात वर करा.)

*

डॅलसहून

मी आकडेमोड करणारा माणूस. डिस्नीचा डायनिंग प्लॅन २०२० च्या महासाथीत बंद झाला होता, तो ९ जानेवारी २०२४ पासून परत आला. मी तो घेतला. आधी पैसे भरायचे, मग रोज ठरावीक जेवणं आणि एक खाऊ, जणू मेसची कुपनं. दोष प्लॅनचा नाही, माझ्या स्वभावाचा. एकही कुपन वाया जाऊ द्यायचं नाही म्हणून मी भूक नसताना जेवलो. शेवटच्या रात्री अकरा वाजता उरलेल्या कुपनांचे कपकेक घेऊन रांगेत उभा होतो आणि मागचे गृहस्थही तेच करत होते. आम्ही एकमेकांना ओळखलं, बोललो नाही.

मुलगा त्याच वर्षी दहाचा झाला. तिथे ३ ते ९ ही मुलं, १० पासून माणूस मोठा. खातो तेवढंच, दर प्रौढाचा.

पण खरा कंटाळा मला चवीचा नव्हता, वेळापत्रकाचा होता. टेबलाचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे १४ ऑक्टोबरला संध्याकाळी पाच पन्नासला मला पास्ता खावासा वाटेल, हे मी १५ ऑगस्टला पहाटे उठून ठरवलेलं. मग प्रत्यक्ष त्या दिवशी मुलीला परेड बघायची असते, माझं पोट बिघडलेलं असतं आणि पास्ता आमची वाट बघत असतो.

यंदा एकही बुकिंग केलं नाही. डिस्नीच्या एपकॉट पार्कात अकरा देशांची दालनं आहेत. तिथे एकेक पदार्थ घेऊन चौघांत वाटून खाल्ला, भूक लागली तिथे थांबलो. पाहिजे तेव्हा खाणं ही चैन असते हे पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

*

अटलांटाहून, विरोधी पक्ष

सगळे रिसॉर्टच्या मागे लागलात म्हणून लिहिते. फूड कोर्ट म्हणजे रिसॉर्टचं जेवण नव्हे! अ‍ॅनिमल किंगडम लॉज या डिस्नीच्या रिसॉर्टच्या किदानी व्हिलेजमध्ये सना नावाचं रेस्तराँ आहे, तिथे जायला पार्कचं तिकीट लागत नाही. नान आणि त्याचे भाऊबंद असा रोट्यांचा प्रकार मिळतो, सोबत नऊ वाट्यांत चटण्या, रायतं, लोणचं. खिडकीबाहेर जिराफ. माझे वडील नान मोडता मोडता म्हणाले, "जिराफाला पण वाढा थोडं." आईने चटण्यांना मार्क दिले. लोणच्याला सर्वांत कमी, अर्थात.

आपल्या खोलीखालचं सोडून दुसऱ्या रिसॉर्टला जेवायला जा. बस फुकट आहे, बोटी आहेत. निम्मा कंटाळा तर त्याच त्या खुर्च्यांचा असतो.

*

शिकागोहून, आजींच्या वतीने

आमच्या आजीची आषाढी एकादशी डिस्नीच्या मॅजिक किंगडम पार्कात पडली. तिने तारीख मुद्दाम सांगितली नव्हती, मुलांचा विरस नको म्हणून. मग प्रश्न असा की फ्राइज उपासाला चालतात का? बटाटा चालतो, मीठ चालतं, तेलात आधी काय तळलं ते देव जाणे. एका टेबल सर्व्हिसच्या ठिकाणी पथ्याचं आहे असं सांगितल्यावर शेफ स्वतः बाहेर आला. त्याला 'उपास' कसा समजावणार? धान्य नाही, कांदा नाही, लसूण नाही, पण तूप चालेल, असं सांगत गेलो. त्याने भाजलेला बटाटा, वर लोणी, आणि फळांची मोठी ताटली पाठवली. आजी म्हणाली, "देवळाबाहेरच्या साबुदाण्यापेक्षा बरं." दुसऱ्या दिवशीपासून मात्र आम्ही खोलीतच सोय केली. कॉफी मशीनचं गरम पाणी, घरून नेलेलं भाजक्या पोह्यांचं पीठ, दूध छोट्या फ्रिजमध्ये. साध्या खोल्यांत मायक्रोवेव्ह नसतो, तेवढं धरून चाला. शेगडी नेऊ नका, परवानगी नसते.

*

ऑरलँडोतच राहणारा

तुम्ही सगळे आमच्या गावी येता आणि गाव न बघता जाता. मिल्स फिफ्टीला या! मिल्स अ‍ॅव्हेन्यू आणि हायवे ५०, म्हणजे कलोनियल ड्राइव्ह, जिथे मिळतात तो भाग. १९७५ नंतर व्हिएतनामी निर्वासित इथे स्थिरावले, त्यांची खाणावळी-दुकानं अजून आहेत. पार्कांपासून गाडीने अर्धा तास, संध्याकाळी पाचच्या ट्रॅफिकमध्ये विचारू नका. फो, म्हणजे नूडल्सचं सूप, आवडत नसेल तर टोफूचं बान मी, म्हणजे तिकडचं सँडविच, घ्या. पार्किंग शोधताना शिव्या द्याल, जेवून झाल्यावर मागे घ्याल.

एक व्यवहाराची गोष्ट. मॅजिक किंगडममधून दुपारच्या जेवणाला बाहेर पडायचा विचार करू नका. गाडीपर्यंत आधी मोनोरेल किंवा बोट, मग ट्रॅम, यात तास जातो. बाहेर जेवायचंय त्या दिवशी एपकॉट किंवा हॉलिवूड स्टुडिओज ठेवा.

*

आईच्या लॉगिनवरून, वय १९

आई म्हणाली तूही लिही. मला रिसॉर्टचं एकही जेवण आठवत नाही, खरंच. मला विंटर हेवन आठवतं. लेगोलँड हा थीम पार्क तिथे आहे, आणि पब्लिक्स या किराणा दुकानांची सुरुवातही त्याच गावात झाली, १९३० मध्ये. हे तेव्हा माहीत नव्हतं, तेव्हा फक्त भूक लागली होती. बाबांनी पब्लिक्समधून तीन लांबलचक सब, म्हणजे सँडविच, आणले, एकात नुसत्या भाज्या आणि ढीगभर हालापिन्यो मिरच्या, तो आईचा. बाहेर पाऊस धो धो, म्हणून गाडीतच बसलो. काचा वाफेने पांढऱ्या झाल्या. ताईने काचेवर बोटाने मेनू लिहिला: 'आजचा विशेष, ओला ब्रेड'. बाबा अर्धा सब हातात धरून झोपले. आईने तो हळूच काढून घेतला आणि खाल्ला. बाबांना उठल्यावर वाटलं आपणच संपवला. आम्ही अजून सांगितलेलं नाही.