योगशिक्षक होण्यासाठी सोलापूरहून बालीला जावे काय?

साखरपेठकर (मंचावर नवा धागा) :
नोकरीतून दीड महिन्याची रजा काढून इंडोनेशियातील बाली बेटावर, उबुड येथे, २०० तासांचे योगशिक्षक प्रशिक्षण घ्यावे असे मी ठरवीत आहे. घरात हे सांगितल्यापासून ‘उलटी गंगा’ हे शब्द मी रोज ऐकते आहे. ज्या देशातून योग जगभर गेला तिथल्या मुलीने तो शिकायला परक्या बेटावर जायचे, हा आक्षेप ऐकायला खमंग आहे, पण त्यात माझ्या अडचणीचे उत्तर नाही.

सहा वर्षे मी पहाटेच्या वर्गाला नियमाने जाते आणि आसने मला बऱ्यापैकी जमतात. शिकवता मात्र एकही येत नाही. आपल्याकडचे बहुतेक वर्ग असे चालतात, की गुरुजी पुढे करून दाखवतात आणि मागच्यांनी पाहून करायचे. अमुक आसनात कंबर का दुखते असे विचारले, तर ‘सरावाने जाईल’ एवढेच उत्तर मिळते. याउलट मी पाहिलेल्या परदेशी अभ्यासक्रमांत पहिल्याच आठवड्यापासून विद्यार्थ्याला सहाध्यायींसमोर शिकवायला उभे करतात, आणि योगा अलायन्स या अमेरिकी नोंदणी संस्थेच्या निकषांनुसार शरीररचना व शरीरक्रियाशास्त्राला किमान ३० तास द्यावेच लागतात. प्रवास मला करायचाच होता. त्यात ही विद्या पदरात पडत असेल तर वाईट काय? मते हवी आहेत, टोमणे नकोत.

पाणीवेस :
ताई, टोमणा मारत नाही, हिशेब मांडतो. आपल्या अभ्यासक्रमाचे वर्गाचे दिवस २४ धरले, तर २०० तासांचे रोज सव्वाआठ तासांहून थोडे अधिक होतात. शरीर ते सोसेल. पण आज सांगितलेली चूक उद्या दुरुस्त झाली आणि सहा महिन्यांनी पुन्हा उगवली, हे पाहायला त्यात जागा कुठे आहे? अभ्यास दृढ होण्यासाठी पतंजलींनी दीर्घकाल, नैरंतर्य आणि सत्कार अशा तीन अटी घातल्या आहेत, आणि पहिलीच अट इथे मोडते.

दुसरे असे, की ज्या योगा अलायन्सचा शिक्का आपण महत्त्वाचा मानता ती १९९९ साली अमेरिकेत सुरू झालेली नोंदणी संस्था आहे. ती शाळांचे अभ्यासक्रम नोंदवून घेते. विद्यार्थ्याची परीक्षा मात्र जिने शुल्क घेतले तीच शाळा घेते, आणि अशा परीक्षेत नापास कोण होणार? आपल्या आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा निदान परक्या परीक्षकासमोर द्यावी लागते. शिकायचेच असेल तर सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट १९१८ पासून आहे आणि स्वामी कुवलयानंदांचे कैवल्यधाम १९२४ पासून लोणावळ्यात आहे; हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला उतरावे आणि पुढे लोकल पकडावी. पासपोर्ट लागत नाही. (हा एवढा टोमणा पदरात घ्यावा.)

होटगी रोडकर :
मी तीन वर्षांपूर्वी बालीतच असे प्रशिक्षण घेऊन आले, म्हणून दोन्ही बाजूंना थोडे थोडे खोडून काढते. साखरपेठकर म्हणतात ते खरे आहे : चौघांसमोर उभे राहून, स्वतः आसन न करता, केवळ शब्दांनी दुसऱ्याचे शरीर हलवण्याची सवय मला तिथेच लागली, आणि सोलापुरात दहा वर्षे वर्गाला जाऊनही ती लागली नसती. मात्र आम्ही अठरा जण होतो, बहुतेक पस्तिशीच्या आतले, आधीच लवचीक. ज्यांना कसला त्रास नव्हता त्यांना शिकवायला आम्ही शिकलो.

परत येऊन सोसायटीच्या सभागृहात पहिला वर्ग घेतला तेव्हा समोर अकरा बायका होत्या. दोघींना जमिनीवर बसता येत नव्हते, एकीला रक्तदाबाचा त्रास होता, तिघींच्या घरात तेलुगू बोलतात. बालीहून आणलेली एकामागून एक वाहत जाणारी आसनमालिका सुरू केली आणि दुसऱ्या फेरीत निम्म्या जणी खाली बसल्या. इंग्रजीत पाठ केलेल्या सूचना निरुपयोगी ठरल्या. ‘श्वास जिथे अडतो त्याच्या थोडे अलीकडे थांबा’ हे साधे वाक्य मराठीत जुळवायलाच मला काही आठवडे लागले, आणि तेलुगूत ते एका विद्यार्थिनीनेच मला शिकवले. खुर्ची, पट्टा आणि भिंत यांच्या आधाराने आसन कसे द्यायचे हे मला पुण्याच्या अय्यंगार परंपरेतील एका शिक्षिकेकडून नंतर शिकावे लागले. खरे तर माझे प्रशिक्षण तिथून सुरू झाले. वेळापत्रकाचेही तसेच, बालीतला माझा आवडता वर्ग सायंकाळचा होता, आणि आपल्या एप्रिल-मेमध्ये पहाटे साडेपाचनंतर सुरू केलेल्या वर्गाला कोणी थांबत नाही.

दमाणीनगर :
एक व्यवहाराची गोष्ट. शिकून झाल्यावर तिथेच काही आठवडे वर्ग घेऊन खर्च भरून काढू, असा बेत असेल तर तो सोडावा. पर्यटकाच्या व्हिसावर इंडोनेशियात मोबदला घेऊन काम करता येत नाही आणि पकडले गेल्यास देशाबाहेर काढतात. व्हिसाच्या शुल्काशिवाय बालीत शिरताना परदेशी पर्यटकांना दीड लाख रुपिया कर द्यावा लागतो. आकडा पाहून दचकू नये, आपल्या पैशात तो हजाराच्या आत बसतो.

साखरपेठकर :
खर्च भरून काढण्याचा बेत होता, तो सोडला. होटगी रोडकर यांच्या अकरा बायकांनी मला अधिक अडवले आहे, कारण माझ्यासमोरही उद्या त्याच बसणार आहेत. पाणीवेस सरांचा हिशेब बरोबर आहे, पण माझा प्रश्न त्यांनी शिताफीने टाळला. सर, आपण गेली वीस-बावीस वर्षे वर्ग घेत आहात असे आपल्याच जुन्या लेखनात वाचले आहे. एवढ्या काळात आपल्या जागी किती विद्यार्थ्यांना उभे केलेत?

पाणीवेस :
एकालाही नाही. मी आजारी असलो की वर्ग बंद राहतो, हे कबूल करताना बरे वाटत नाही.

माझ्या वर्गात मंगळवारी आणि शुक्रवारी ज्येष्ठ नागरिक असतात, वीसेक जण. तीन महिने ती तुकडी आपण घ्यावी. त्यानंतरही बाली आवश्यक वाटले तर जावे, मी आक्षेप घेणार नाही.

साखरपेठकर :
येते, पण एका अटीवर. मी शिकवत असताना आपण शेवटच्या रांगेत बसायचे आणि चूक दिसली तरी पुढे येऊन करून दाखवायचे नाही. वर्ग सुटल्यावर सांगायचे. विमानाचे तिकीट तूर्त काढत नाही, उबुडच्या शाळेला पाठवलेला अर्ज मात्र मागे घेत नाही.

पाणीवेस :
मागे बसेन. गप्प बसणे जमेल याची खात्री देत नाही. मंगळवारी सव्वापाचला यावे. सभागृहाची किल्ली पहारेकऱ्याकडे असते आणि खुर्च्या मांडायला पंधरा मिनिटे लागतात.