प्रतिसाद: घरच्या मशीनवर सॅक आणि हार्नेस

डोंगर चढताना पाठीवर घ्यायची सॅक शिवायला घरची पायाची मशीन चालेल का, असं एकानं विचारलंय. चालते. मी सोलापुरात त्याच मशीनवर दोन सॅक आणि एक चॉक बॅग (कातळ चढताना हाताला लावायच्या पावडरीची पिशवी) शिवली आहे. पहिल्या सॅकला मात्र साधा सुती दोरा वापरला. नळदुर्गला पावसात भिजली, तशीच माळ्यावर पडून राहिली आणि पुढच्या खेपेला खांद्याचा पट्टा हातात आला!

मग गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातल्या एका मास्तरांकडे गेलो (अशा कारखान्यांना आपल्याकडे काय तोटा!). त्यांनी पॉलिस्टरचा दोरा आणि १८ नंबरची सुई दिली. उन्हात नायलॉनपेक्षा पॉलिस्टर जास्त टिकतं, आणि आपलं ऊन तुम्हाला माहीतच आहे. पट्टा जोडताना चौकोन आणि आत फुली अशी शिलाई घाला. चार पदर आले की पाय थांबवून चाक हातानं फिरवायचं, नाहीतर सुई गेलीच म्हणून समजा. पट्टीची कापलेली टोकं मेणबत्तीवर जरा वितळवून घ्या, उसवत नाहीत.

पण हार्नेसही (चढताना कमरेला आणि मांड्यांना बांधून दोराला अडकवायचे पट्टे) घरीच शिवू म्हणणाऱ्यांना हात जोडून सांगतो, नको. बैठ्या हार्नेसची चाचणी १५ किलोन्यूटनला होते, म्हणजे साधारण दीड टन. आपली शिलाई कितीला तुटेल हे तपासणार कसं? दाराला लटकून? तो विकतच घ्या.

चॉक बॅगेला आतून जुन्या स्वेटरचं अस्तर लावलंय, झकास झालंय.