डॉसन सिटीत वितळत्या बर्फाचं पाणी: उघडे चर बरे की जमिनीखालची पाइपलाइन?

युकॉनकर:
कॅनडातल्या युकॉनमधलं डॉसन, नावात सिटी असली तरी २०२१ च्या जनगणनेत वस्ती १५७७. सहा वर्षं इथे राहतोय. बहुतेक रस्ते खडीचे, फूटपाथ लाकडी फळ्यांचे, कडेला चर आणि गेटसमोर चरावर मोरी. बर्फ वितळायला लागलं की ओळखीपाळखीत तोच वाद, चर बुजवा, डांबर घाला, पाणी पाइपातून नदीत सोडा. माझं म्हणणं चर राहू द्या. इथली जमीन खाली कायमची गोठलेली, उन्हाळ्यात वरचा थर तेवढा सुटतो. खणलं की खालचं बर्फ उघडं पडतं आणि जमीन बसते. थर्ड अव्हेन्यूवरच्या दोन जुन्या इमारती एकमेकींवर कललेल्या आहेत, टुरिस्ट फोटो काढतात, पण ती जमीन बसल्याची खूण आहे. हात लावाल तेवढं बिघडेल.

सिन्नरचा_सिव्हिल:
वर्षाचा पाऊस आणि बर्फ मिळून सव्वातीनशे मिमीच्या आसपास ना तुमच्याकडे? मुंबईत २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ पडला होता. एवढ्याशा पाण्याला साधी ३०० मिमी व्यासाची पाइप पुरेल, उतार नीट द्या, विषय संपला.

युकॉनकर:
दादा, आकडा बरोबर आहे पण हिशोब तिथे चुकतो. ऑक्टोबरपासून साठलेलं बर्फ दोनतीन आठवड्यांत सुटतं आणि तेव्हा जमीन दगडासारखी, थेंब मुरत नाही. शिवाय नळाचं पाणी हिवाळाभर वाहतं ठेवून वाचवता येतं, पावसाळी पाइपात कोण वाहतं ठेवणार? तळाला उरलेलं बोटभर पाणी गोठतं, त्यावर पुढचं, आणि नेमकं पाणी यायच्या वेळी पाइप बर्फाने गच्च. मोरीचंही तसंच होतं, पण मोरीचं तोंड दिसतं तरी. गेल्या एप्रिलात माझ्या गेटसमोरची आतून निळसर बर्फाने बंद होती, बॉयलरची गाडी आणून वाफेची नळी आत सरकवली, तासाभराने पलीकडून आधी गढूळ धार आली मग एकदम लोंढा, बूट भरले पण अंगणातलं पाणी संध्याकाळपर्यंत उतरलं.

चेनाकाठ:
अलास्कातल्या फेअरबँक्सहून लिहितेय. पाइपबद्दल पटलं, पण चर म्हणजे निरुपद्रवी हे अजिबात मान्य नाही. चरात पाणी तुंबलं की उन्हात तापतं आणि खालचं बर्फ खात जातं, चर अजून खोल होतो, अजून तुंबतं. कडेचा रस्ता खचतो तो यानेच. आणि एप्रिलचीच तयारी करून आता भागत नाही, आमच्याकडे डिसेंबर २०२१ मध्ये ऐन थंडीत पाऊस पडला, पाणी जायला जागा नाही, सगळं रस्त्यावरच गोठलं आणि तो थर कितीतरी आठवडे निघाला नाही. तेव्हा तुमचे चर आधीच बर्फाने भरलेले असणार, मग?

युकॉनकर:
ताई, तुंबण्याबद्दल तुमचं खरं आहे, मी ते लिहायला हवं होतं. जमीन दरवर्षी वरखाली होते, त्यामुळे चराला दरवर्षी उतार द्यावा लागतो, उथळ आणि खडी घातलेला ठेवावा लागतो. पण पाइपही तशीच वरखाली होते आणि कुठे पोट आलंय ते वरून कळत नाही. डिसेंबरच्या पावसावर माझ्याकडे उत्तर नाही.

व्हाइटहॉर्सची_सून:
तुम्ही सगळे फक्त पाण्याचं बोलताय. सासूबाई वॉकर घेऊन चालतात, डॉसनला मुक्काम होता तेव्हा चर, चिखल आणि ओल्या फळ्या यात चार दिवस त्या खोलीबाहेर पडल्या नाहीत. म्हाताऱ्या माणसांनी मे महिना घरात काढायचा का? निदान दवाखाना आणि दुकानापर्यंतचा रस्ता तरी पक्का करा.

आगोटवाला:
कोकणातून. आमच्याकडे मृगाआधी आगोटीत पाणंदीचे चर आणि मोऱ्या उपसतात, घरटी माणूस येतो. तुमच्याकडेही मार्चअखेर सगळ्यांनी मोऱ्यांची तोंडं मोकळी केली तर वाफेचा खर्च वाचेल की.

युकॉनकर:
तोंडं मोकळी करतोच, पण आतला बर्फ फावड्याने निघत नाही. शरदातच मोरीत एक बारीक लोखंडी नळी बसवून ठेवतात काही ठिकाणी, वसंतात तिच्यातून वाफ सोडली की लवकर वाट होते, ते सगळीकडे व्हावं असं मला मनापासून वाटतं. व्हाइटहॉर्सच्या ताई, ठराविक रस्ता पक्का करायला माझी हरकत नाही, फक्त त्याचं पाणी कुठे जाणार ते आधी ठरवा. १९७९ च्या पुरानंतर १९८७ मध्ये नदीकाठी बांध झाला, तो नदीला बाहेर ठेवतो, पण नदी चढलेली असताना गावातलं पाणीही आतच अडतं.

सिन्नरचा_सिव्हिल:
बांधाचं माहीत नव्हतं. मग उतार देऊन सोडणार कुठे, पंपच लागणार. पाइपचं मी मागे घेतो, पण त्या उथळ चराची खोली आणि खडीचा थर किती ठेवता ते सांगा.