आधी प्रश्न ओळखीचा, मग पैशाचा

वर एका दादांनी लिहिलंय की परदेशी रुग्ण भारतात येतात ते निव्वळ स्वस्त पडतं म्हणून. मला हे अर्धंच पटतं. नुसता पैसाच बघायचा तर बांगलादेशातले इतके रुग्ण कोलकात्याला का येतात? भाषा तीच, जेवण तेच, अंतर कमी, आणि गावातलं कुणीतरी आधी जाऊन आलेलं असतं. रुग्णालयाच्या दर्जाचा जेसीआय किंवा एनएबीएचचा शिक्का त्यानंतर.

आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत वेगळं काय होतं? इथून मुंबईला टाटात जाणं म्हणजे परदेशच. कॅन्सरचं निदान झालं की घरात पहिला प्रश्न, "तिथं आपला कोनी हाये का?" मग कुठल्यातरी आत्याच्या दिराचा नंबर निघतो. पांढरकवड्याकडून कुणी आदिलाबादमार्गे हैदराबाद गाठतो, वर्ध्याकडचे लोक सेवाग्रामचं रुग्णालय. डॉक्टर किती नामांकित, हे फार नंतर.

एक मात्र सांगतो. कुठंही जा, पण नुसती रिपोर्टची फाइल पिशवीत कोंबून निघू नका. बायोप्सीच्या स्लाइड आणि काढलेला तुकडा ज्यात जपलेला असतो तो मेणाचा ब्लॉक लॅबमधून मागून घ्या. मोठी रुग्णालयं ते स्वतः पुन्हा तपासतात. तिथं मोफत उपचारांची महात्मा फुले योजना चालते का, हेही निघण्याआधी विचारा. आणि खरोखरच देशाबाहेर जायचं असेल, तर परतल्यावर टाके कोण बघणार, हे इथल्या डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा. बाहेरचे उपचार जुळवून देणारा एजंट त्याबद्दल सहसा अवाक्षर काढत नाही.