आयव्हीएफ: कुणाच्या पॉलिसीतून क्लेम करावा? आणि इंजेक्शनांचा खर्च?

निफाडची लेक
नमस्कार. वय ३४, एएमएच (अंड्यांचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) ०.९, म्हणजे कमीच. नाशिकला आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीची ट्रीटमेंट सुरू करायची आहे. क्लिनिकचं पॅकेज १ लाख ३५ हजार. एस्टिमेटच्या तळाशी पेनाने लिहिलंय, ‘इंजेक्शनं वेगळी’. अंडी वाढवायची हार्मोनची इंजेक्शनं, रोज २२५ युनिट, दहा दिवस. खालच्या मेडिकलवाल्याने ८२ हजार सांगितले. ऐकून तिथल्या बाकावरच बसले मी.

आम्ही स्वतः घेतलेली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाची मिळून एक) पॉलिसी आहे, पण त्यात वंध्यत्वाचा खर्च बसत नाही. माझ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत ५० हजार मिळतात, औषधं धरून. ह्यांच्या कंपनीत १ लाख, पण औषधांचा उल्लेखच नाही. एकच सायकल (ट्रीटमेंटची एक पूर्ण फेरी) परवडेल अशी स्थिती आहे. कुठली पॉलिसी वापरू?

कोथरूडची मधली
ताई, आधी एक सांगते, फ्लोटरवाल्यांशी भांडण्यात दिवस घालवू नका. वंध्यत्व हे आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) ठरलेल्या एक्स्क्लुजनांपैकी, म्हणजे पॉलिसीतून वगळलेल्या गोष्टींपैकी, १७ नंबरचं आहे, बहुतेक पॉलिसींत तेच छापलेलं असतं. ग्रुप पॉलिसीत मिळतं ते कंपनीने वेगळे पैसे भरून घेतलेलं असतं म्हणून.

खरी मेख इंजेक्शनांत आहे. एग पिकअप (अंडी बाहेर काढणं) डे-केअरमध्ये, म्हणजे एका दिवसाच्या ॲडमिशनमध्ये बसतं, पण त्याआधीचे दहा दिवस तुम्ही घरीच पोटात सुई टोचून घेता. टीपीए (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणारी संस्था) त्याला ओपीडी म्हणतो आणि पैसे देत नाही. माझे ६४ हजार असेच गेले. बिलं होती, प्रिस्क्रिप्शन होतं, तरी गेले, कारण मी एचआरला फोनवर विचारलं होतं. तुम्ही मेलच करा: ‘पिकअपच्या आधी घरी घेतलेल्या इंजेक्शनांची बिलं धरणार का?’ उत्तर लेखी घ्या.

आणि एकच पॉलिसी निवडायची गरज नाही. दोन्हीकडे तुमचं नाव असेल तर एकीकडचा क्लेम सेटल झाला की त्याचं पत्र आणि बिलांच्या साक्षांकित प्रती जोडून उरलेली रक्कम दुसरीकडे मागता येते.

जळगावचा फार्मासिस्ट
एकदम सगळी इंजेक्शनं उचलू नका. पाचव्या-सहाव्या दिवशी सोनोग्राफी झाली की डोस बदलू शकतो, आणि फ्रिजमधला माल परत कुणी घेत नाही. चार दिवसांचीच घ्या. भाव विचारताना व्हायलचा नको, ७५ युनिटला किती पडतं ते विचारा. या इंजेक्शनांचे दोन प्रकार: रिकॉम्बिनंट एफएसएच महाग, एचएमजी बरंच स्वस्त. तुमच्या केसमध्ये एचएमजी चालेल का, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. छापील किंमत आणि होलसेलचा भाव यांत मोठी तफावत असते. फक्त पक्कं बिल आणि बर्फाच्या पिशवीतून डिलिव्हरी, या दोन गोष्टी सोडू नका.

देवळालीकर
केंद्र सरकारी नोकरीवाले कुणी वाचत असतील तर: सीजीएचएसमध्ये (केंद्राच्या आरोग्य योजनेत) सायकलला ६५ हजारांपर्यंत, औषधांसकट, तीन सायकल. परवानगी आधी काढावी लागते. आम्ही उशिरा काढली, पहिली सायकल खिशातून गेली.

निफाडची लेक
मनापासून आभार. दोन्ही एचआरना मेल केले. माझ्याकडून होकार आलाय, पिकअपच्या आधीच्या ३० दिवसांची औषधं धरतील. ह्यांच्याकडून उत्तर यायचंय. डॉक्टरांनी अर्धा डोस एचएमजीवर आणलाय. ८२चे ५३ हजार झाले. पहिल्या चार दिवसांची इंजेक्शनं आज आणली, फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे डब्यात ठेवलीत. सोमवारी पहिली सुई.