विषय: उणे 28 मध्ये कोंबड्या कशा सांभाळायच्या?

नमस्कार मंडळी,

पुढच्या आठवड्यात रात्री पारा उणे 28 पर्यंत उतरणार म्हणतायत आणि माझा सगळा जीव कोंबड्यांत अडकलाय. त्यांचा हा पहिलाच हिवाळा. नवऱ्याचं म्हणणं आहे की खुराड्याच्या सगळ्या फटी बुजवायच्या, छपराखालच्या झडपा पण बंद करायच्या आणि आत तापणारा लाल दिवा टांगायचा. काल सकाळी बघितलं तर खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने बर्फ होतं आणि एकीच्या तुऱ्याची टोकं पांढुरकी दिसतायत, म्हणजे थंडी आत शिरतेय ना? पाणी पण बघता बघता गोठतं. ज्यांनी पाळल्यात त्यांनी प्लीज लवकर सांगा.

---

ताई,

आधी एकच काम करा, झडपा उघड्या ठेवा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

काचेवर आतून बर्फ जमलं ते बाहेरची थंडी आत आली म्हणून नाही, आतली वाफ बाहेर जाऊ शकली नाही म्हणून. कोंबड्या रात्रभर श्वासातून ओल सोडतात आणि त्यांच्या विष्ठेत साधारण तीन चतुर्थांश पाणीच असतं, ते सगळं बंद खुराड्यात कुठे जाणार, काचेवर बसतं तसंच तुऱ्यावर बसतं आणि गोठतं, आणि तुऱ्यावर पिसं नसतात त्यामुळे इजा पहिली तिथेच होते. कोंबडीच्या शरीराचं तापमान 41-42 अंश असतं. पिसं फुलवून ती हवेचा थर अंगाशी धरून ठेवते आणि कोरडी असेल, वारा लागत नसेल तर मोठी धडधाकट कोंबडी उणे 20 च्या खाली पण नीट राहते. ओली कोंबडी मात्र शून्याच्या आसपास सुद्धा गारठते.

झडप छपरालगत हवी, दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या बरीच वर. खालच्या फटी बुजवा, तेवढं नवऱ्याचं बरोबर आहे, दिवा मात्र टांगू नका. दांडीपाशी टिश्यूची पट्टी धरून बघा, हलली तर वारा येतोय, तो थांबवा. आणि सकाळी दार उघडल्यावर नाकात अमोनिया गेला, डोळे चुरचुरले, तर समजायचं हवा अजून कोंडतेय. त्यांची फुप्फुसं फार नाजूक असतात हो, आणि आपण क्षणभर वास घेतो, त्या तर रात्रभर त्यातच असतात.

दांडी गोल आणि बारीक असेल तर बदला. रुंद सपाट पट्टी लावा, साधारण 9 सेंटीमीटरची, म्हणजे पंजे सपाट राहतात आणि वर बसल्यावर पोटाच्या पिसांखाली पूर्ण झाकले जातात. खाली लाकडाच्या छिलक्यांची जाड गादी, निदान 15 सेंटीमीटर, ओली जागा दिसली की काढून नवीन टाका.

पांढऱ्या टोकांना चोळू नका, हेअर ड्रायर पण नको. हळूहळू ऊब मिळू दे. पुढे टोकं काळी पडली तर कापायची नाहीत, ती खालच्या भागाचं रक्षण करतात. सूज वाढली किंवा पू दिसला तर पशुवैद्य.

---

मी दिव्याबद्दल थोडं वेगळं म्हणेन. आमच्याकडे एकदम छोट्या जातीच्या आणि म्हाताऱ्या कोंबड्या आहेत आणि सलग उणे 30 च्या रात्री असतील तर थोडी उष्णता लागतेच, ते नाकारून चालणार नाही. जातीने पण फार फरक पडतो. लेगहॉर्नचा तुरा मोठा, तो आधी गारठतो, वायनडॉटचा बसका असतो. कॅनडातली शांतेक्लेर तर क्वेबेकमधल्या एका मठात मुद्दाम अशीच तयार केली, तुरा आणि चोचीखालचं लोंबतं लाल जवळजवळ नसल्यासारखंच, ते याच थंडीसाठी. तेव्हा ताई, तुमच्या कुठल्या आहेत ते आधी सांगा.

---

दादा, म्हाताऱ्या आणि आजारी कोंबड्यांबद्दल मान्य. पण टांगलेला दिवा नको म्हणजे नकोच, त्याबाबतीत मी मागे हटणार नाही. 250 वॅटचा बल्ब, खाली सुका भुसा, हवेत धूळ आणि पिसं, एखादी कोंबडी फडफडत वर गेली आणि दिवा पडला की संपलं, खुराड्याला आग लागायचं हे नेहमीचं कारण आहे. गरज असेलच तर भिंतीला पक्का बसवायचा सपाट पॅनल हीटर घ्या, त्याच्या जवळ गेलं की ऊब मिळते, अख्खं खुराडं तापत नाही. तेच बरं. उबेत राहिलेल्या कोंबड्यांना थंडीची सवय होत नाही आणि नेमकी कडाक्याच्या रात्री वीज गेली तर काही तासांत तीस-चाळीस अंशांचा फरक अंगावर येतो.

---

मनापासून थँक्यू दोघांना! झडपा उघडल्या. आमच्या बहुतेक वायनडॉट आहेत, पांढऱ्या टोकांची मात्र लेगहॉर्नच आहे. लेकीने त्यांच्यासाठी स्वेटर विणायला घेतलेत, चालतील का? आणि पाण्याचं काय करू, रात्री आत ठेवू का?

---

लेकीची माया कळते, पण स्वेटर घालू नका. त्याने पिसं दबतात, फुलवता येत नाहीत, आणि स्वेटर भिजला की गार कपडा अंगाला चिकटून राहतो.

पाणी रात्री आत नको, त्याची पण वाफ होते आणि अंधारात त्या पीत नाहीत. सकाळी उठल्या उठल्या मात्र कोमट पाणी द्या, आणि दिवसातून दोन-तीनदा तरी बदला. खालून गरम राहणारं भांडं मिळालं तर सोपं पडेल. पसरट उघडं भांडं नको, पिताना चोचीखालचं लोंबतं भिजतं आणि तेच पुढे गोठतं. पाणी कमी पडलं तर खाणं पण कमी होतं, आणि थंडीत जास्त खाल्लं तरच अंगात ऊब तयार होते. संध्याकाळी दांडीवर चढायच्या आधी मूठभर मका द्या, रात्रभर पचत राहतो, पण दिवसभराच्या दाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको.

बर्फावर त्या पाय ठेवायला तयार होत नाहीत, थोडी वाट मोकळी करून पेंढा पसरा, बाहेरच्या जाळीला वाऱ्याच्या बाजूने जाड प्लास्टिक लावा. कोरडी माती आणि लाकडाची राख एका टबमध्ये ठेवलीत तर अंघोळ करतील, हिवाळ्यात पिसांतल्या उवा वाढतात आणि बाहेरची जमीन तर गोठलेली असते. अंडी कमी झाली तर काळजी करू नका, दिवस लहान झाला की होतंच ते. जी घालतील ती मात्र लगेच उचला, गोठून तडकतात.

आणि रोज रात्री झोपायच्या आधी दांडीवर हात फिरवून या. कोणी एकटी खाली बसलीय, डोळे मिटलेत, हात लावला तरी हलत नाही, तर तिला घरात आणा, उबदार पण गरम नाही अशा खोलीत, खोक्यात. आणि लगेच इथे लिहा, कितीही वाजलेले असले तरी.